विश्लेषण : दहा गाईंच्या किमतीचा कॅमेरा, पाच हजार हिमकण आणि फोटो ‘खरे’ असण्याचा वाद... ‘स्नोफ्लेक’ बेंटली कोण होते?

फोनमधील हवामानाचे ॲप असो किंवा घरातील फ्रिजचे बटण, थंडी दाखवायची असली की सहा फाट्यांचे एक नक्षीदार चिन्ह हमखास दिसते. एकसारखे दोन हिमकण सापडत नाहीत, हे विधानही शाळेपासून कानावर पडलेले असते. हे चिन्ह आणि हे विधान जगभर रुजण्यामागे अमेरिकेतील एका शेतकऱ्याचा मोठा वाटा आहे. त्याच्याकडे विज्ञानाची पदवी नव्हती, प्रयोगशाळा नव्हती, पगार तर नव्हताच. होता तो सूक्ष्मदर्शकाला जोडलेला भात्याचा कॅमेरा. विल्सन बेंटली यांनी ४७ हिवाळे या कॅमेऱ्यासमोर काढले. मात्र ज्या फोटोंनी त्यांना नाव मिळवून दिले, त्याच फोटोंच्या खरेपणावर त्यांच्या हयातीत प्रश्न उभा राहिला. फोटो किती ‘सुधारला’ की तो खोटा ठरतो, या आजच्या वादाचा हा एक जुना आणि बोलका नमुना आहे.

विल्सन बेंटली कोण होते?

बेंटली यांचा जन्म ९ फेब्रुवारी १८६५ रोजी अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातील जेरिको या गावी झाला. कॅनडाच्या सीमेला लागून असलेले हे राज्य डोंगराळ आणि कडाक्याच्या थंडीचे. जेरिको परिसरात वर्षाला सुमारे १२० इंच, म्हणजे दोन माणसे एकावर एक उभी राहतील जवळपास इतका बर्फ पडतो. घरी शेती आणि दुभती जनावरे होती. आई पूर्वी शिक्षिका होती. वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत तिनेच विल्सनला घरी शिकवले.

आईकडे शिकवण्यासाठी वापरलेला एक जुना सूक्ष्मदर्शक होता. पंधराव्या वर्षाच्या सुमारास तो विल्सनच्या हाती आला. फुलांच्या पाकळ्या, दगडाचे तुकडे, पाण्याचे थेंब असे दिसेल ते त्याने त्याखाली धरले. मग एका हिवाळ्यात त्याने हिमकण धरला आणि पुढचे सगळे आयुष्य त्यातच गेले. सुरुवातीला तो हिमकणांची चित्रे काढत असे. अडचण अशी की चित्र पुरे होण्याआधीच कण विरघळून जाई. तीन हिवाळे त्याने ही धडपड केली. चित्र काढण्याचा वेग वितळण्याच्या वेगाला गाठू शकत नाही, हे कळल्यावर त्याने वडिलांकडे कॅमेरा मागितला.

हा कॅमेरा आणि त्याला जोडायचा सूक्ष्मदर्शक यांची किंमत सुमारे १०० डॉलर होती. घरच्या दहा गाईंचा कळप जेवढ्याचा, तेवढी ही रक्कम. बर्फाचे फोटो काढणे हा वडिलांच्या मते शुद्ध वेडेपणा होता आणि त्यांचे हे मत शेवटपर्यंत फारसे बदलले नाही. तरीही त्यांनी पैसे मोजले. मुलगा तेव्हा सतरा वर्षांचा होता.

भात्याचा कॅमेरा म्हणजे काय? त्याने छोटी वस्तू मोठी कशी दिसते?

लोहाराचा किंवा बाजाच्या पेटीचा भाता सर्वांना माहीत असतो. या कॅमेऱ्यातही तशाच चुण्यांचा, लांब-आखूड होणारा भाता असतो. फरक इतकाच की त्याचे काम हवा भरण्याचे नसून लेन्स आणि काच यांच्यामधील अंतर वाढवताना बाहेरचा प्रकाश आत येऊ न देण्याचे असते.

हे अंतर वाढवण्याला महत्त्व का? दूरच्या डोंगराचा फोटो काढताना लेन्स मागच्या काचेपासून तिच्या नाभीय अंतराइतकी दूर असते. वस्तू जवळ आली की स्पष्ट प्रतिमेसाठी लेन्स आणखी पुढे सरकवावी लागते. ती जितकी पुढे जाईल तितकी प्रतिमा मोठी होते. ५० मिलिमीटरची लेन्स मूळ जागेपासून आणखी ५० मिलिमीटर पुढे नेली की प्रतिमा वस्तूच्या आकाराइतकीच, म्हणजे एकास एक मिळते. १५० मिलिमीटर पुढे नेली तर तिप्पट. साध्या कॅमेऱ्याची लेन्स इतकी पुढे सरकतच नाही, म्हणून मध्ये भाता बसवायचा. फिल्मच्या जमान्यात हौशी छायाचित्रकार मुंगीचा डोळा किंवा फुलातील परागकण टिपण्यासाठी असा सुटा भाता कॅमेऱ्याला जोडत असत. आजही काही जण जोडतात.

पण फुकट काही मिळत नाही. प्रतिमा मोठी होते तसा तोच प्रकाश अधिक जागेवर पसरतो आणि अंधूक होतो. एकास एक फोटोसाठी चौपट प्रकाश लागतो. दहापट मोठी प्रतिमा हवी असेल तर सुमारे १२१ पट. दुसरे असे की फोकसमध्ये येणारा थर कागदासारखा पातळ होतो. तिसरे म्हणजे वस्तूबरोबर हाताची थरथरही तितक्याच पटीने मोठी होते. हे तिन्ही त्रास बेंटलींच्या वाट्याला आले आणि शिवाय त्यांची वस्तू विरघळणारी होती.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. हा भाता पुढे आणखी एका कामासाठी लोकप्रिय झाला, तो म्हणजे स्लाइडची नक्कल. भात्याच्या टोकाला स्लाइड धरणारी चौकट लावायची, मागून उजेड सोडायचा आणि एकास एक फोटो घ्यायचा. घरातील जुन्या स्लाइड डिजिटल करण्यासाठी ही पद्धत आजही वापरली जाते. बेंटलींची रचना जवळपास अशीच होती. काचेच्या पट्टीवर हिमकण, त्याच्या मागे खिडकीचा उजेड आणि पुढे सूक्ष्मदर्शक व भाता. एका अर्थाने ते निसर्गाने तयार केलेल्या स्लाइडची नक्कल करत होते. फक्त ही स्लाइड काही मिनिटांत नष्ट होत असे.

पहिला फोटो कसा मिळाला?

कॅमेरा आल्यावर लगेच यश आले नाही. सूक्ष्मदर्शक आणि कॅमेरा एकमेकांना कसे जोडायचे, हे शिकवणारे गावात कुणी नव्हते. एक अख्खा हिवाळा वाया गेला. काचेवर उमटत होत्या त्या फक्त पुसट छाया. हिमकण पारदर्शक असतो. मागून भरपूर उजेड सोडला की त्याच्या कडा त्या उजेडात हरवून जातात. उपाय उलट दिशेचा निघाला. प्रकाश आत येण्याचे छिद्र अगदी बारीक करायचे आणि काचेला उजेड जास्त वेळ दाखवायचा. त्यामुळे कडा उठून दिसू लागल्या.

१५ जानेवारी १८८५ रोजी पहिला स्पष्ट फोटो मिळाला. बेंटलींना विसावे वर्ष पुरे व्हायला अजून साडेतीन आठवडे होते. सूक्ष्मदर्शकातून हिमकणाचे फोटो घेणाऱ्या जगातील पहिल्या काही जणांमध्ये त्यांची गणना होते.

पुढे त्यांची पद्धत ठरून गेली. घराला जोडलेल्या, शेकोटी नसलेल्या खोपटात सगळे सामान मांडलेले असे, कारण हवा जराही उबदार असली तर खेळ संपला. बर्फ पडू लागला की ते काळा रंग दिलेली फळी घेऊन दारात उभे राहत. काळ्यावर पांढरे कण चटकन दिसतात. मोडके, चिकटलेले कण पिसाने झटकून टाकायचे. चांगला कण दिसला की झाडूच्या काडीच्या टोकाने अलगद उचलून काचेच्या पट्टीवर ठेवायचा आणि पिसानेच हलके दाबून सपाट करायचा. फोकसमध्ये येणारा थर पातळ असल्याने कण तिरका राहिला तर अर्धा भाग पुसट येणार, हे त्यामागचे कारण. या सगळ्यात श्वास रोखून धरायचा, कारण एक उबदार उच्छ्वास पुरेसा होता.

फोकसची गोष्ट मजेशीर आहे. भाता इतका लांब होता की मागच्या दुधी काचेवर प्रतिमा पाहत असताना पुढचा सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू हाताला पोहोचत नसे. मदतीला दुसरा माणूस नाही. बेंटलींनी चाक आणि दोरी लावून मागे बसून स्क्रू फिरवण्याची सोय केली. शेतावर विहिरीचा रहाट आणि गवताची कप्पी हाताळणाऱ्याला ते सुचणे साहजिक असावे. हाच कॅमेरा त्यांनी अखेरपर्यंत वापरला. बाजारात त्याहून चांगले आले, तरी बदलला नाही.

कधी एका हिवाळ्यात मोजकेच चांगले फोटो मिळत. कधी एका वादळात लॉटरी लागे. फेब्रुवारी १९२८ मधील व्हॅलेंटाइन डेच्या वादळात दोन दिवसांत त्यांनी शंभराहून अधिक फोटो घेतले. तेव्हा ते ६३ वर्षांचे होते.

फोटोंची काळी पार्श्वभूमी कुठून आली? वाद कशाचा?

बेंटलींचे फोटो आठवून पाहा. गडद काळ्या पार्श्वभूमीवर लखलखणारा पांढरा स्फटिक. पण वरची पद्धत नीट वाचली असेल तर इथे काही तरी जुळत नाही, हे ध्यानात येईल. मागून उजेड असताना पार्श्वभूमी काळी येणार कशी? मूळ फोटोत ती उजळच येत होती आणि त्यात हिमकण फिका, राखाडी दिसे. छापल्यावर तर त्यातली नक्षी आणखी मंद होई.

त्या काळी फोटो काचेवर लावलेल्या रासायनिक थरावर उमटत असे. निगेटिव्हमध्ये उजळ जागा काळी दिसते. म्हणजे हिमकणाभोवतीचा थर निगेटिव्हवर गडद असायचा. तो खरवडून काढला तर तिथे स्वच्छ काच उरते आणि त्यावरून छापलेल्या फोटोत ती जागा काळीभोर येते. बेंटली नेमके हेच करत. मूळ निगेटिव्हची दुसऱ्या काचेवर नक्कल काढायची आणि त्या नकलेवर धारदार चाकूने, हिमकणाच्या कडेकडेने सगळा थर खरवडायचा. एकेका काचेला कित्येक तास लागत. आज फोनमध्ये पार्श्वभूमी बदलायला एक बोट पुरते. तेच काम हाताने आणि पाच हजारांच्या संग्रहापैकी बऱ्याच कणांवर केले गेले.

इथेच वादाला तोंड फुटले. गुस्ताव हेलमान हे जर्मनीतील नामवंत हवामानशास्त्रज्ञ. त्यांनी रिचर्ड नॉयहाऊस या सूक्ष्मछायाचित्रकाराच्या मदतीने १८९३ मध्ये हिमस्फटिकांवर पुस्तक प्रसिद्ध केले होते. नॉयहाऊस यांच्या फोटोंत हिमकण ओबडधोबड, एका बाजूने खुरटलेले, विषम दिसत. शेकडो वर्षे चित्रकारांनी काढलेल्या रेखीव आकृत्यांच्या मानाने ते निराशाजनकच होते, पण निसर्ग असाच आहे, अशी हेलमान यांची भूमिका होती. अशा वेळी अमेरिकेतून एका शेतकऱ्याचे कमालीचे सुबक हिमकण येऊ लागले. त्यांच्या बाह्यरेषा चाकूने कोरलेल्या आहेत हे कळल्यावर हेलमान यांनी कडक आक्षेप घेतला. कड कुठे संपते हे निसर्गाने ठरवायचे की चाकूने, असा त्याचा रोख होता.

बेंटलींनी हे काम लपवले नव्हते. त्यांचे म्हणणे असे की कॅमेऱ्याला जे नीट दाखवता येत नाही ते दुरुस्त केल्याने फोटो निसर्गाच्या जवळ जातो, दूर नाही. हा युक्तिवाद ऐकायला बरा असला तरी निसरडा आहे. आज प्रत्येक फिल्टरचे समर्थन याच शब्दांत करता येते.

मग बरोबर कोण? दोन बाबी वेगळ्या कराव्या लागतात. पहिली, खरवडण्याची. चाकू चालला तो नकलेवर आणि कणाच्या बाहेरच्या भागावर. आतील नक्षी, हवेचे बुडबुडे, रेषा यांना तो लागलेला नाही आणि पडताळणीसाठी मूळ काच शिल्लक राहते. नक्कल करून मग काम करण्याची ही शिस्त त्यांच्या बाजूने मोठी जमेची ठरते. दुसरी बाब निवडीची आणि ती अधिक गंभीर आहे. काळ्या फळीवर पडणाऱ्या कणांपैकी मोडके, वाकडे, गोळा झालेले कण बेंटली पिसाने झटकून टाकत आणि सर्वांत देखणा तेवढा उचलत. प्रत्यक्षात पडणाऱ्या बर्फात बहुसंख्य कण विद्रूपच असतात. तेव्हा बेंटलींचा एकेक फोटो खरा असला, तरी सगळे फोटो मिळून बर्फाचे जे चित्र उभे राहते ते सरासरीचे नाही. हेलमान यांचा संशय चुकीच्या जागी होता, पण निराधार नव्हता.

शेतकऱ्याचे काम जगापुढे कसे आले?

पहिली तेरा वर्षे जवळपास कुणालाच ठाऊक नव्हते. गावकऱ्यांना तर कौतुक नव्हतेच. दर हिवाळ्यात दार अडवणारा, फावड्याने बाजूला सारायचा बर्फ, त्याचे फोटो काय काढायचे? १८९८ मध्ये व्हरमाँट विद्यापीठातील निसर्गविज्ञानाचे प्राध्यापक जॉर्ज पर्किन्स यांच्यासह बेंटलींचा पहिला लेख एका लोकप्रिय विज्ञान मासिकात आला. त्यानंतर अमेरिकी हवामान खात्याच्या ‘मंथली वेदर रिव्ह्यू’मध्ये त्यांनी सातत्याने लिहिले. १९०३ मध्ये त्यांनी आपले फोटो वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे पाठवले. आपल्या घराला काही झाले तरी संग्रह कुठे तरी सुरक्षित राहावा, ही काळजी त्यांना कायम होती. ‘नॅशनल जिओग्राफिक’ने १९२३ मध्ये त्यांच्या फोटोंना जागा दिली. जवाहिरे आणि कापडावर नक्षी करणारे कारागीरही त्यांचे नमुने मागवू लागले.

कमाई मात्र फार नव्हती. महाविद्यालये आणि शाळांना ते काचेच्या स्लाइड विकत, त्याही एकेक पाच सेंटला. १९२६ पर्यंत या छंदावर त्यांचे सुमारे १५ हजार डॉलर खर्च झाले होते आणि हाती आले होते सुमारे चार हजार. उरलेला भार दूध आणि शेतीने उचलला. उन्हाळ्याच्या संध्याकाळी ते मित्रांच्या अंगणात कपडे वाळत घालायच्या दोरीवर चादर टांगत आणि तिच्यावर हिवाळ्यातील हिमकणांच्या स्लाइड दाखवत. मुले-माणसे गवतावर बसून पाहत. भर उन्हाळ्यात बर्फाचा हा खेळ बघताना कुणाला तो वेडेपणा वाटला असेल असे वाटत नाही.

बेंटलींनी लग्न केले नाही. भावाच्या कुटुंबासोबत ते त्याच घरात राहिले. पियानो, क्लॅरिनेट, व्हायोलिन ही वाद्ये त्यांना वाजवता येत.

परातभर पिठाचा प्रयोग काय होता?

फोटोंच्या झगमगाटात हा प्रयोग झाकोळला गेला. पावसाचा थेंब केवढा असतो, हे मोजायचे कसे? हवेतला थेंब पकडता येत नाही आणि जमिनीवर पडला की फुटतो. बेंटलींनी परातीसारख्या उथळ भांड्यात चाळलेल्या बारीक पिठाचा सुमारे एक इंचाचा थर दिला आणि ते काही सेकंद पावसात धरले. प्रत्येक थेंबाची पिठात एक गोळी बनली. गोळ्या वाळल्यावर त्यांचे आकार मोजता आले. गोळी थेंबाएवढीच असते का, हे तपासण्यासाठी त्यांनी आधी मोजलेले थेंब मुद्दाम पिठात सोडून पाहिले. उपकरण वापरण्याआधी ते तपासून घेण्याची ही रीत कुठल्याही अभियांत्रिकी प्रयोगशाळेत शोभेल अशी आहे.

१९०४ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. काही पाऊस वितळलेल्या बर्फातून, तर काही थेट ढगातील थेंब वाढून येतो, असा अंदाज त्यांनी बांधला. त्यांच्या काळातील तज्ज्ञांनी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. पिठाची ही पद्धत पुढे चार दशकांनी अमेरिकेतील मृदा संशोधकांनी थेंबांचे आकार मोजण्यासाठी वापरली. हवामानशास्त्राच्या दृष्टीने हिमकणांच्या फोटोंपेक्षा हेच काम अधिक मोलाचे होते, असे म्हणायला जागा आहे.

अमेरिकन मीटिऑरॉलॉजिकल सोसायटीने १९२४ मध्ये आपले पहिले संशोधन अनुदान दिले, ते बेंटलींना.

अखेर कशी झाली?

आयुष्यभराचे काम एका पुस्तकात यावे ही त्यांची जुनी इच्छा होती. हवामान खात्यातील भौतिकशास्त्रज्ञ विल्यम हम्फ्रीज यांनी मजकूर लिहिला आणि नोव्हेंबर १९३१ मध्ये ‘स्नो क्रिस्टल्स’ हे पुस्तक मॅकग्रॉ-हिलने प्रसिद्ध केले. त्यात २,४०० हून अधिक फोटो होते. पुढच्याच महिन्यात बेंटली हिमवादळातून सुमारे सहा मैल चालत घरी आले. त्यातून न्यूमोनिया झाला आणि २३ डिसेंबर १९३१ रोजी, ज्या घरात पहिला फोटो काढला त्याच घरात त्यांचा मृत्यू झाला. वय ६६ वर्षे.

एकसारखे दोन हिमकण खरेच नसतात का?

बेंटलींनी पाच हजारांहून अधिक कण टिपले आणि त्यांत हुबेहूब जोडी त्यांना आढळली नाही. जगातील सगळ्या बर्फाबद्दल हा पुरावा होऊ शकत नाही, पण कल्पना लोकांना भावली. कारण कळायला आणखी काही वर्षे लागली. जपानमधील होक्काइदो येथे भौतिकशास्त्रज्ञ उकिचिरो नाकाया यांनी बेंटलींच्या पुस्तकापासून प्रेरणा घेऊन १९३६ मध्ये प्रयोगशाळेत कृत्रिम हिमकण वाढवला. तापमान आणि बाष्पाचे प्रमाण बदलले की कणाचा आकार बदलतो, हे त्यांनी दाखवले. उणे १५ अंशांच्या आसपास फाटे फुटलेले तारे, उणे पाचच्या आसपास सुया आणि नळ्या. ढगातून खाली येताना प्रत्येक कण वेगळ्या थरांतून जातो. त्यामुळे त्याची वाढ वेगळी होते, पण एका कणाचे सहाही फाटे बरोबरच प्रवास करत असल्याने ते एकमेकांसारखे वाढतात. आपल्याकडे वळवात पडणाऱ्या गारांचे तसे नसते. त्या पाणी गोठून थरावर थर चढत बनतात, म्हणून त्यांत अशी नक्षी नसते.

१९८८ मध्ये अमेरिकेतील संशोधक नॅन्सी नाइट यांनी विस्कॉन्सिनवर गोळा केलेल्या नमुन्यांतील दोन जवळपास एकसारखे हिमकण दाखवले. ते तारे नव्हते, साध्या पोकळ नळ्या होत्या. बेंटलींच्या फळीवर असे कण उतरले असते तर ते पिसाने बाजूला सारले गेले असण्याचीच शक्यता अधिक.

त्यांच्या काचांचा मोठा संग्रह आता न्यूयॉर्क राज्यातील बफेलो येथील विज्ञान संग्रहालयात आहे. जेरिको गावातील जुन्या लाल गिरणीत त्यांच्या कामाचे छोटे संग्रहालय आहे.